बायकॉइडमध्ये झर्कनुल्टपेक्षा जास्त फरक: निवड ढिली की निवड जोरात?

संत्रापट्टा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, चौथ्या सेमिस्टरचा प्रकल्प, ठिकाण वरुड तालुका. विषय असा: ड्रोसोफिला मेलानोगास्टर या फळांवरच्या चिलटामध्ये भ्रूणाची आखणी करणाऱ्या जनुकांत जे फरक आढळतात, त्यांवर नैसर्गिक निवडीचा ठसा कसा ओळखायचा.

जनुकं पाच धरली आहेत: बायकॉइड, झर्कनुल्ट, हंचबॅक, क्रुपल आणि क्युबिटस इंटरप्टस. मार्गदर्शक सरांचं म्हणणं, ज्या जनुकात फरक जास्त तिथे निवड ढिली, म्हणजे वाईट बदल नीट गाळले जात नाहीत. एका ऑनलाइन व्याख्यानात मात्र ऐकलं की झपाट्याने बदलणाऱ्या जनुकावर निवड जोरात असते. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

दुसरं, मृग बहाराची संत्री उतरायला लागली आहेत, गळालेल्या फळांवर चिलटं भरपूर दिसतात. तीच पकडून चालतील का? कॉलेजात सूक्ष्मदर्शक आणि फ्रिज आहे, बीओडी इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारं कपाट) बंद आहे, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन करावं लागेल. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) बाहेरून, त्यामुळे नमुने मोजकेच परवडतील.

जनुकवेल्हाळ

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या फरकांबद्दल बोलत आहेत. एक फरक जातीच्या आतला: डीएनएच्या एका जागी वरुडच्या एका चिलटात ‘ए’ अक्षर, दुसऱ्यात ‘जी’. दुसरा दोन जातींमधला: सगळ्या मेलानोगास्टरमध्ये ‘ए’, सगळ्या सिम्युलन्समध्ये (शेजारची जात) ‘जी’. निवड ढिली असेल तर हे दोन्ही वाढतात, आणि साधारण एकाच प्रमाणात वाढतात. नव्या उपयोगी बदलाला निवड उचलून धरत असेल तर तो बदल इतक्या लवकर सगळ्या जातीत पसरतो की जातीच्या आत ‘फरक’ म्हणून तो फारसा सापडतच नाही. तो सापडतो शेजारच्या जातीशी ताडून पाहिल्यावर. वर जाता जाता तो आजूबाजूचे फरकही पुसून नेतो. तेव्हा एकट्या मेलानोगास्टरचे फरक मोजून प्रकल्प लिहिलात तर सरांचंही सिद्ध होणार नाही आणि व्याख्यात्यांचंही नाही.

आता बायकॉइड. या जनुकाचा आरएनए आई अंड्यात भरून ठेवते. भ्रूणाची पुढची बाजू ठरते ती आईच्या बायकॉइडवरून, भ्रूणाचं स्वतःचं बायकॉइड कसं आहे याला तेव्हा किंमत नसते. ज्या मादीच्या दोन्ही प्रती निकामी, तिच्या भ्रूणांना डोकं आणि छाती तयार होत नाही, सगळे मरतात. तोच दोष नरात असला तर त्याच्या पोरांना काहीही होत नाही. म्हणजे खराब प्रत नराच्या अंगात असते तेव्हा निवडीला ती दिसतच नाही, आणि ऑटोसोमवरच्या (लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रांवरच्या) कोणत्याही जनुकाच्या निम्म्या प्रती दर पिढीत नरांकडेच असतात. निवडीचा जोर म्हणून निम्मा.

हिशेब साधा आहे. किंचित घातक बदल हेटेरोझायगस अवस्थेतही (दोन प्रतींपैकी एकीतच बदल असताना) थोडा जाणवत असेल तर त्याची समतोल वारंवारता (बदल नव्याने येणं आणि गाळला जाणं बरोबरीत आल्यावरचं प्रमाण) म्हणजे उत्परिवर्तनाचा दर भागिले हेटेरोझायगसवरचा निवडीचा जोर. भाजक निम्मा झाला की उत्तर दुप्पट. बदल पूर्ण अप्रभावी (दोन्ही प्रतींत असला तरच जाणवणारा) असेल तर सूत्रात वर्गमूळ येतं, मग दुप्पट न होता सुमारे 1.4 पट. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हा फरक विचारतात, लक्षात ठेवा.

झर्कनुल्ट हे बायकॉइडचं भावंड. दोघं एकाच जुन्या जनुकाच्या दुप्पट होण्यातून आलेली आणि तिसऱ्या गुणसूत्रावर अँटेनापेडिया संकुलात अगदी शेजारी बसलेली. पण झर्कनुल्ट भ्रूण स्वतः चालवतो, म्हणजे नर-मादी दोघांतही ते निवडीसमोर उघडं. 2005 मध्ये नेमकी हीच जोडी तपासली गेली: मेलानोगास्टरच्या 10 आणि सिम्युलन्सच्या 9 लोकसंख्यांमधून एकेक चिलट घेऊन. प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात बायकॉइडची विविधता झर्कनुल्टच्या दुप्पट किंवा जास्त निघाली, आणि मजकूर नसलेल्या भागात गुणोत्तर एकाच्या आसपास. या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवा. शेजारी असल्यामुळे दोघांचं पुनर्संयोजन (जोडीच्या गुणसूत्रांतली तुकड्यांची अदलाबदल) सारखं, लोकसंख्येचा इतिहास सारखा. नुसत्या परिसरामुळे फरक वाढला असता तर मजकूर नसलेल्या भागातही वाढला असता.

याच कारणासाठी तुमच्या यादीतली तीन नावं मला खटकतात. क्युबिटस इंटरप्टस चौथ्या गुणसूत्रावर आहे. तिथे पुनर्संयोजन जवळजवळ होतच नाही, त्यामुळे एका ठिकाणी निवड झाली की अख्ख्या गुणसूत्रावरचे फरक धुऊन निघतात. 1991 मध्ये याच जनुकाच्या भागात मेलानोगास्टरच्या 10 वंशांत एकही फरक सापडला नव्हता. तुम्हालाही शून्य येईल, आणि ते शून्य क्युबिटसच्या कामाबद्दल काहीच सांगणार नाही. क्रुपल दुसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या बाहूच्या अगदी टोकाला आहे, तिथेही पुनर्संयोजन कमी. पुनर्संयोजन कमी तिथे विविधता कमी, हा संबंध 1992 पासून माहीत आहे. हंचबॅकची अडचण वेगळी: ते आईकडूनही येतं आणि भ्रूणही बनवतो, म्हणजे ना धड इकडचं ना तिकडचं. बायकॉइड आणि झर्कनुल्ट ठेवा, तिसरं हवंच असेल तर त्याच संकुलातलं फुशी ताराझू घ्या. तेही भ्रूणाचंच. पाच विखुरलेल्या जनुकांपेक्षा एका गल्लीतली तीन जनुकं जास्त बोलतात.

वऱ्हाडी माशीवाला

ताई, दुकानात ‘फळमाशीचा सापळा’ मागू नका. ते मिथाइल युजेनॉलवाले सापळे बॅक्ट्रोसेराचे नर ओढतात, म्हणजे आंब्या-पेरूला डंख मारून अंडी घालते ती मोठी माशी. आपल्याला पाहिजे ते चिलट, त्याला त्या वासाशी काही घेणंदेणं नाही.

एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरच्या भागात 4-5 मिलिमीटरची सात-आठ भोकं पाडा. आत अर्धं जास्त पिकलेलं केळं कुस्करून त्यावर चिमूटभर बेकरीचं यीस्ट. सावलीत कमरेएवढ्या उंचीवर टांगा. सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना काढा, दुपारी चिलटं हलत नाहीत. दोन दिवसांच्या वर एकच केळं ठेवू नका. बाटलीतच अंडी घातली जातात, मग तुम्ही सख्खी भावंडं मोजत बसता आणि फरक कमी निघाला म्हणून चकित होता. एका बागेत दहा बाटल्या टांगण्यापेक्षा चार-पाच किलोमीटर अंतराच्या चार-पाच बागांत दोन-दोन टांगा.

ओळख पटवण्यात लय जण फसतात. आपल्याकडे बाटलीत मेलानोगास्टर एकटं येत नाही. डोक्यावर-पाठीवर चांदीसारखे पांढरे उभे पट्टे दिसले तर ते झॅप्रिओनस इंडियानस, बाजूला काढा. त्याच्याहून चकवा देते ते ड्रोसोफिला अनानासी: आकार तोच, रंग थोडा फिका, नराचं पोट टोकाला काळं नसते. मेलानोगास्टरच्या नराचं पोट टोकाला काळं कुळकुळीत. पक्की खूण पुढच्या पायावर, 40 पटीत पाहा. मेलानोगास्टरमध्ये पायाच्या पंज्याच्या पहिल्या सांध्यावर काळ्या दातांची एकच फणी, अनानासीत आडव्या फण्यांच्या बऱ्याच ओळी आणि त्या पुढच्या सांध्यावरही उतरलेल्या. माद्या एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून मादीवरून जात ठरवायची नाही. एका कुपीत एकच मादी सोडा. रानातली मादी बहुतेक वेळा आधीच फळलेली असते, नर लागत नाही. 25 अंशांवर 10-12 दिवसांत पोरं बाहेर येतात, त्यातल्या नरांच्या फण्या पाहून वंशाला (त्या एका मादीच्या सगळ्या पोरांना) नाव द्या. सिम्युलन्सची फणी मेलानोगास्टरसारखीच असते. शंका आली तर नराच्या जननेंद्रियाचा मागचा पाळा पाहा: मेलानोगास्टरचा अरुंद, सिम्युलन्सचा मोठा, शिंपल्यासारखा गोल.

खाद्य, एक लिटर पाण्याला: अगर 8 ते 10 ग्रॅम, मक्याचं पीठ 70 ग्रॅम, गूळ 80 ग्रॅम, सुकं यीस्ट 15 ग्रॅम. पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्या, सरळ उकळत्यात टाकलं तर गोळ्या होतात. दहा-पंधरा मिनिटं ढवळत शिजवा. 60 अंशांच्या खाली आलं की प्रोपिऑनिक आम्ल 4 मि.ली. आणि 1 ग्रॅम निपाजिन (बुरशीनाशक) 10 मि.ली. अल्कोहोलमध्ये विरघळवून. गरमागरमच टाकलं तर आम्ल उडून जाते आणि जे उरते ते अगरला घट्ट होऊ देत नाही. चौथ्या दिवशी बुरशी, पाचव्या दिवशी कुपीत चिखल. कुपी भरल्यावर रात्रभर मलमलखाली ठेवा, आतली वाफ जाऊ द्या, मंग बूच लावा. ओल्या भिंतीला नवी मादी चिकटून मरते.

संत्रापट्टा

धन्यवाद सर, यादी बदलते. दोन शंका. एकेका वंशातून किती चिलटं सिक्वेन्स करायची? आणि झर्कनुल्ट एवढं लहान, फरकच दोन-तीन निघाले तर निष्कर्ष कशावर काढू?

दुहेरी शिखर

एका वंशातून एकच, आणि तोही नर. मादी वापरू नका. तिच्या शुक्रकोशात एकापेक्षा जास्त नरांचं शुक्र साठलेलं असतं, पोटात फळलेली अंडी असतात. अख्खी मादी चिरडली की तुमच्या नळीत तीन-चार जणांचा डीएनए येतो आणि क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्सिंगच्या आलेखावर) एका जागी दोन-तीन शिखरं दिसतात. दहा-बारा वंश, दहा-बारा नर, म्हणजे 20-24 गुणसूत्रं. एवढं पुरतं.

डीएनएसाठी किट लागत नाही. ट्रिस 10 मिलीमोलर (पीएच 8.2), ईडीटीए 1 मिलीमोलर, मीठ 25 मिलीमोलर, आणि वापरायच्या वेळी प्रोटिनेज के दर मि.ली.ला 200 मायक्रोग्रॅम. 50 मायक्रोलिटर मिश्रण पिपेटच्या टोकात घ्यायचं, पण लगेच सोडायचं नाही. त्याच टोकाने नळीतला नर चिरडायचा, मग उरलेलं सोडायचं. 37 अंशांवर 30 मिनिटं, 95 अंशांवर 2 मिनिटं. पीसीआरला 1 मायक्रोलिटर पुरे. जास्त घेतलं तर डोळ्यातलं रंगद्रव्य आणि कवचाचा गाळ एन्झाइमला अडवतो, पट्टा येतच नाही आणि माणूस प्रायमरला (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याला) दोष देतो. प्रोटिनेज के 95 अंशांवर नीट मेला नाही तर तो पॉलिमरेज हे पीसीआरचं एन्झाइम खातो, तेव्हा ती दोन मिनिटं वाचवू नका. जिल्ह्याला नेताना नळ्या थर्मासात बर्फावर ठेवा.

रानातल्या चिलटाच्या वंशात हेटेरोझायगस जागा येणारच. भाऊ-बहीण संकर करत राहिलात तर दहा पिढ्यांनी समयुग्मता (दोन्ही प्रती सारख्या असणं) 89 टक्क्यांच्या आसपास आणि वीस पिढ्यांनी साडेअठ्ठ्याण्णवच्या पुढे जाते, पण एका सेमिस्टरमध्ये वीस पिढ्या बसत नाहीत. तशी गरजही नाही. तुम्हाला फरक मोजायचे आहेत, कुठला फरक कुठल्या गुणसूत्रावर हे जुळवायचं नाही. दोन शिखरं सारख्या उंचीची आणि उलट दिशेच्या वाचनातही असतील तर हेटेरोझायगस धरा. एकाच दिशेने दिसली तर ती चूक.

बायकॉइडमध्ये आणखी एक खड्डा आहे. त्यात ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या सलग माळा आहेत, त्यांची लांबी चिलटागणिक कमी-जास्त. वाचलेले क्रम एकाखाली एक मांडणारं सॉफ्टवेअर तिथे अक्षरं एक-दोन घरं सरकवतं आणि प्रत्येक सरकलेलं घर ‘अमिनो आम्ल बदललं’ म्हणून मोजलं जातं. तो तुकडा डोळ्यांनी पाहून मोजणीतून काढा, आणि काढला हे प्रबंधात लिहा.

आता निष्कर्ष. मॅक्डोनाल्ड-क्राइटमन चाचणी करा. चार खणांचा तक्ता लागतो: अमिनो आम्ल बदलणारे आणि न बदलणारे (सोयीसाठी बोलके आणि मूक म्हणू) बदल, जातीच्या आतले आणि जातींमधले पक्के. 1991 मध्ये एडीएच जनुकावर मेलानोगास्टर, सिम्युलन्स आणि याकुबा या तीन जाती घेऊन ही चाचणी पहिल्यांदा मांडली, ते आकडे हात बसवायला चांगले आहेत. पक्के फरक: बोलके 7, मूक 17. आतले फरक: बोलके 2, मूक 42. निवडीने काहीच उचललं नसतं तर बोलके-मूक यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं हवं. इथे पक्क्यांत ते 0.41, आतल्यांत 0.048. पहिल्याने दुसऱ्याला भागलं की 0.116, ते एकातून वजा केलं की 0.88. म्हणजे त्या सातातले सुमारे सहा बदल निवडीने रुजवलेले असावेत, असा अंदाज.

बायकॉइडवर निवड फक्त ढिली असेल तर दोन्ही प्रमाणं झर्कनुल्टपेक्षा वर जातील, पण एकमेकांच्या जवळपास राहतील. पक्क्यांचं प्रमाण एकटंच वर गेलं तर व्याख्यानातलं वाक्य लागू. आणि आतल्यांचं एकटंच वर गेलं तर घाईने ‘ढिली निवड’ लिहू नका: किंचित घातक बदल थोड्या चिलटांत काही पिढ्या टिकतात, पण अख्ख्या जातीत पक्के कधीच होत नाहीत. ते आतला खण फुगवतात आणि खरी अनुकूल निवड झाकून टाकतात. उपाय म्हणून त्या 20-24 पैकी एकाच गुणसूत्रावर सापडलेले फरक गाळून हिशेब पुन्हा करा. मूकही गाळायचे. फक्त बोलके गाळले तर ती लबाडी होईल.

तुमची दुसरी शंका रास्त आहे. झर्कनुल्टसारख्या लहान जनुकात एखाद्या खणात शून्य-एक येणारच. काय-वर्ग न लावता फिशरची अचूक चाचणी लावा, आणि पी किंमत (असा फरक नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता) मोठी आली तर ‘निवड नाही’ असं लिहू नका, ‘या नमुन्यात दिसण्याइतके फरक नाहीत’ असं लिहा. खण भरायचे असतील तर बाहेरची माहिती जोडा. अमेरिकेतल्या रॅलीच्या 205 वंशांचे आणि झांबियातल्या 197 चिलटांचे जीनोम फुकट मिळतात. झांबियाचे आधी घ्या. मेलानोगास्टरचं मूळ घर आफ्रिकेच्या त्या बाजूचं. अमेरिकेत पोचताना जात थोड्या पूर्वजांमधून गेली आणि नंतर मिसळली, त्यामुळे तिथल्या फरकांच्या वारंवारता निवडीशिवायच वेड्यावाकड्या झाल्या आहेत. तुमचे वरुडचे बारा नर मग आपल्याकडचे फरक त्यात बसतात का, हे पाहायला उपयोगी पडतील.

जनुकवेल्हाळ

वरच्या सगळ्यात एक गोष्ट राहिली. प्रथिनाचा मजकूर जसाच्या तसा असला म्हणजे जनुक बदललं नाही असं नाही. इव्हन-स्किप्ड हे जनुक भ्रूणात सात पट्ट्यांत चालू होतं, त्यांपैकी दुसरा पट्टा एका लहान नियंत्रक तुकड्यावर चालतो. त्यावर बायकॉइड आणि हंचबॅकची प्रथिनं चालू करायला बसतात, क्रुपल आणि जायंटची बंद करायला. मेलानोगास्टर आणि स्युडोऑब्स्क्युरा या दोन जातींत त्या तुकड्यातल्या बसायच्या जागा बऱ्याच बदलल्या आहेत, तरी पट्टा दोघींत तोच, त्याच ठिकाणी. 2000 मध्ये एका जातीचा अर्धा तुकडा दुसरीच्या अर्ध्याला जोडून पाहिला तर पट्टा बिघडला. म्हणजे एकीकडे एक जागा कमजोर झाली की दुसरीकडे दुसरी बळकट होत गेली आणि निवडीने फक्त शेवटचा पट्टा राखला. मॅक्डोनाल्ड-क्राइटमनला हे दिसत नाही, कारण तिथे बोलकं-मूक असा भेदच नाही. प्रकल्पाच्या मर्यादांमध्ये हे लिहा, परीक्षक खूश होतो.

(सर पुन्हा ‘फरक म्हणजे ढिलाई’ म्हणाले तर हाच तुकडा दाखवा. फरक भरपूर, निवड मात्र कडक.)

बोरगावचा बगीचा

बीओडी बंद आहे म्हणता, मग एप्रिलमध्ये वंश टिकतील कसे? आमच्याकडे खोलीत 40 च्या वर पारा जातो.

वऱ्हाडी माशीवाला

हा खरा प्रश्न. 25 अंश उत्तम, 18 वर दुप्पट वेळ लागते पण सुरक्षित. 30-31 च्या वर वाढलेले नर वांझ निघतात. कुपीत माद्या दिसतात, नर दिसतात, अंडीही दिसतात, पण अळी एक नाही. विद्यार्थ्याला वाटते खाद्य खराब झालं. वंश तिथेच संपला. वांझ नर नुकतेच निघाले असतील तर 20-22 अंशांवर ठेवल्यावर काही दिवसांत सुधरू शकतात, तेव्हा लगेच फेकू नका.

फ्रिज चालत नाही, 4 अंशांवर अळ्या मरतात. मोठ्या माठात लहान माठ, मधे ओली रेती, वर ओलं पोतं, कुपी लहान माठात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे जमते. दिवसातून दोनदा रेती ओली करा आणि आत थर्मामीटर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. मृग लागले की हवा ओली होते आणि माठ काम करत नाही, तोवर नमुने काढून घ्या. प्रत्येक वंशाच्या दोन कुप्या, त्याही दोन वेगळ्या जागी. मुंग्यांसाठी माठाखाली पाण्याची परात.

उन्हाचा आणखी एक घोळ. कोषाला वयाच्या 21-23 तासांत चार तास 40 अंशांची झळ बसली की काही चिलटांच्या पंखातली मागची आडवी शीर गायब होते. वॅडिंग्टनने 1953 मध्ये हेच मुद्दाम केलं, बिनशिरेची चिलटं पिढ्यानपिढ्या निवडत गेला आणि शेवटी झळ न देताही ती शीर जायला लागली. नवीन उत्परिवर्तन लागलं नाही, फरक कळपात आधीच दडलेले होते. तुमच्या कुपीत मे महिन्यात एखादं बिनशिरेचं चिलट दिसलं तर ‘नवा म्युटंट’ म्हणून नोंद करू नका. त्याची पोरं 25 अंशांवर वाढवून पाहा. शीर परत आली तर ते ऊन होतं.

आणि बेशुद्ध करायला ईथर वापरत असाल तर फक्त मोठ्या चिलटांना, कुपीबाहेर काढून. अंडी घातल्यापासून तीनेक तासांच्या भ्रूणांना ईथर लागला तर चार पंखांच्या दिशेने जाणारी विकृती येते आणि ती अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाच्या दोषासारखी हुबेहूब दिसते. किती भ्रूणांत येते हे त्या वंशातल्या अल्ट्राबायथोरॅक्सच्या फरकांवरही अवलंबून असते, हे 1996 मध्ये दाखवलं गेलं. त्यापेक्षा चिलटं कोरड्या नळीत घेऊन नळी बर्फात रोवा, दोन मिनिटांत निजतात. नळी ओली असली तर पंख चिकटतात.

संत्रापट्टा

माठ उद्याच आणते. बायकॉइड, झर्कनुल्ट, फुशी ताराझू. बारा वंश, बारा नर. तुलनेला सिम्युलन्सचा जाहीर जीनोम. ग्लुटामिनच्या माळा वगळून तक्ता झाला की इथेच टाकते, खण कोणी तपासून दिले तर बरं होईल.

दुहेरी शिखर

टाका. एकच: एका कोडॉनमध्ये (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांत) दोन अक्षरं बदललेली असतील तर आधी कुठलं बदललं यावर बोलकं की मूक हे ठरतं. असे कोडॉन वेगळ्या रंगात ठेवा, त्यांची मोजणी शेवटी करू.